मधाचं बोट, ओव्याची पुरचुंडी आणि जेष्ठमध (सोसायटी ग्रुप, रविवार रात्र)

बी-७०४: नमस्कार सगळ्यांना. पिल्लूला कालपासून खोकला आहे, नाकही चोंदलंय. सात महिन्यांचा आहे. सासूबाई गावी आहेत, फोनवर म्हणाल्या ओव्याची पुरचुंडी कर. दुसऱ्या एका ग्रुपवर मध-मिरपूड चाटवा असं आलंय. पुरचुंडी नक्की कशी करतात? आणि मध किती द्यायचा?

सी-१०३ मावशी: दे गं बोटभर. आमच्याकडे बारशाच्या आधीपासून मधाचं बोट चाटवायचे. काही होत नाही.

ए-३०२ सिस्टर काकू: थांब गं बाळा, मध अजिबात देऊ नकोस. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, बोटाच्या टोकाएवढाही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, दूध ओढेनासं होतं, श्वासावर येतं. मध जंगलातला असो नाहीतर बाटलीतला, आणि घरी उकळलास तरी ते बीजाणू मरत नाहीत. पिल्लूचा पहिला वाढदिवस झाला की खोकल्याला रात्री अर्धा चमचा मध खुशाल दे. तेव्हा ते खरंच चांगलं औषध आहे.

सी-१०३ मावशी: पण आम्ही सगळी मध चाटूनच मोठी झालो ना गं?

ए-३०२ सिस्टर काकू: हो मावशी, मीसुद्धा. बहुतेक बाळांना काही होत नाही, म्हणून तर ही चाल टिकली. पण ज्याला होतं त्याला व्हेंटिलेटरवर ठेवायची वेळ येते. एवढ्याशा जिवाला कशाला त्या वाटेला न्यायचं?

आता पुरचुंडी. दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाज. तडतडला की नाकात चढणारा वास सुटतो, तो ओव्यातल्या थायमॉल नावाच्या घटकाचा. जुन्या मऊ सुती रुमालात बांध, गाठ घट्ट मार. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून दहा आकडे मोज. बाळाच्या अंगाला टेकवू नकोस, त्याची कातडी फार पातळ असते. मांडीवर घेतलंस की पुरचुंडी तुझ्या खांद्यावर ठेव, वास येऊ दे. पाळण्यात ठेवून झोपू नकोस, सुटली तर दाणे घशात जातील. आणि त्यात कापूर घालू नकोस. फॉरवर्डमध्ये हमखास ओवा-कापूर असं असतं. लहान मुलांना कापराने आकडी येते, हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलंय.

खरं तर नाकात सलाइनचे दोन-दोन थेंब घातलेस, तर दूध प्यायच्या आधी त्याला जास्त मोकळं वाटेल. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, श्वास भराभर चालला असेल किंवा दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट बघू नकोस. मला फोन कर, मी सोबत येते.

बी-७०४: मध नाही देत काकू. थँक यू. ओवा घ्यायला यांना खाली पाठवलंय.

बी-२०१ काका: सिस्टर, या गोष्टी आपल्याच आहेत, विसरून कसं चालेल? १९९५ साली अमेरिकेत हळदीवर पेटंट दिलं होतं. आपल्या शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेतून लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. गिरगावात शिकलेला माणूस!

ए-३०२ सिस्टर काकू: काका, मलाही त्याचा फार अभिमान आहे. ते पेटंट जखम भरून यायला हळद वापरण्यावर होतं, आणि आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय हे जुन्या ग्रंथांतून दाखवून दिलं म्हणून ते टिकलं नाही. पण आता त्याच हळदीच्या गोळ्या लोक गुडघ्यांसाठी महिनोन्‌महिने घेतात, त्याला माझा विरोध आहे. हळदीतला मुख्य घटक करक्युमिन, तो साधारण ३ टक्के असतो आणि पोटातून रक्तात फारसा शोषला जात नाही. मिरी घातली की खूप जास्त शोषला जातो, म्हणून गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आलेले रुग्ण आहेत. दुधातली पाव चमचा हळद वेगळी आणि ही गोळी वेगळी. आणि हळद लालबागच्या मसाला गल्लीतून अख्खी हळकुंडं आणून दळून घ्या. फार झगझगीत पिवळ्या सुट्या पावडरीत शिशाचा रंग मिसळलेला असू शकतो.

ए-५०१: काकू, मला आज दुपारपासून ताप आहे, पोटऱ्या दुखतायत. परवा दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत आलो होतो. सरकारच्या आयुष मंत्रालयाने सांगितलेला काढा करून घेतोय, तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. दोन दिवस बघू का?

ए-३०२ सिस्टर काकू: नाही रे राजा, दोन दिवस नाही. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखणं म्हणजे आधी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) विचार करायचा. पायाला जखम किंवा भेगा आहेत का बघ. म्हणून तर तसं पाणी तुडवल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा असं पालिका दरवर्षी सांगते. काढा प्यायलास तर घशाला बरं वाटेल, पण लेप्टो, मलेरिया, डेंग्यू यांतलं काही त्याने जाणार नाही. आत्ता जा, पाण्यातून आलो होतो हे स्वतःहून सांग. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नकोस. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

ए-५०१: निघतो. बाबा येतायत बरोबर.

डी-४०४ ताई: काकू, माझं एक. शाळेत दिवसभर बोलून घसा बसतो. मी रोज जेष्ठमधाची काडी चघळते. ते तरी निर्धोक ना?

ए-३०२ सिस्टर काकू: बीपीची गोळी चालू आहे का गं तुला?

डी-४०४ ताई: हो, दोन वर्षं.

ए-३०२ सिस्टर काकू: मग ती जेष्ठमधाची काडी आजच बंद कर, गोळी नाही. हे मी माझ्या घरातलं सांगते. आमच्या सासूबाईंचा कोरडा खोकला जाईना, म्हणून मीच त्यांना सकाळ-संध्याकाळ जेष्ठमधाचा काढा सुरू केला. खोकला खरंच कमी झाला. मग आठवडा झाला, महिना झाला, कुणी बंदच केला नाही. पाय सुजायला लागले, आम्ही म्हटलं वयामुळे. कपाट उघडताना हाताला जोर येईना. बीपी १८०च्या वर आणि रक्तातलं पोटॅशियम खाली. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या डब्या-बरण्यांची नावं विचारली, तेव्हा जेष्ठमध निघालं. त्यातल्या एका घटकामुळे शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. एकतीस वर्षं नर्सिंग केलेली मी, आणि ते रोज माझ्या हाताने दिलं होतं. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

माझी आई गुटी उगाळायची ना, तर सहाणेवर वेढे मोजायची. सुंठ दोन वेढे, मुरुडशेंग दोन, वेखंड जेमतेम एक, जायफळ अर्धा. जायफळाचा हात जड झाला तर पोर गुंगतं, हे तिला पक्कं माहीत होतं. फॉरवर्डमध्ये सुंठ येते, जायफळ येतं, वेढे येत नाहीत. किती दिवस, तेही येत नाही.

सी-१०३ मावशी: हे खरं हो. माझी सासू तिसऱ्या वेढ्याला हात धरायची माझा.

डी-४०४ ताई: काकू, मग घशाला काय करू?

ए-३०२ सिस्टर काकू: कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, आणि शाळेत मधल्या सुट्टीत आवाजाला खरोखर सुट्टी. लवंग एखादी दाढेत धरलीस तर चालेल. पंधरा दिवसांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. आणि उद्या बीपी मोजायला माझ्याकडे ये, यंत्र आहे.

बी-७०४: काकू, सलाइनचे थेंब घातले. नाक मोकळं झालं, दूध प्यायला आणि झोपला. ओव्याचा वास घरभर सुटलाय, सासूबाई आल्यासारखं वाटतंय.

ए-३०२ सिस्टर काकू: छान झालं गं. तू काही खाल्लंस का? मीटर रूमशेजारच्या कुंडीत गवती चहा वाढलाय, सकाळी दोन पाती तोडून आलं घालून स्वतःला चहा कर. कात्रीने काप, ओढू नकोस. गेल्या खेपेला कुणीतरी मुळासकट उपटला होता.