लेकीचं गाणं ऐकायला चर्चमध्ये जाताना

लेक इंग्लंडमधल्या कथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, कॉयरमधून (गायकवृंदातून) इव्हन्साँगला गाणार आहे, पण आपण ख्रिस्ती नाही, मग जावं का, असा तुमचा प्रश्न आहे. नक्की जा! ही संध्याकाळची प्रार्थना सगळ्यांसाठी खुली असते. एरवी तिकीट लावणाऱ्या कथीड्रलमध्येही त्या वेळी पैसे घेत नाहीत.

पाऊण तासाच्या या प्रार्थनेत बहुतेक सगळं कॉयरच गातं. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. श्रद्धेचं वचन म्हणायची सक्ती कुणावर नसते. कम्युनियन, म्हणजे पाव आणि वाइन घेण्याचा विधी, इव्हन्साँगमध्ये नसतंच, त्यामुळे तीही काळजी नको.

स्तोत्रं सुरू झाली की मात्र नीट कान द्या. कॉयर समोरासमोर दोन बाजूंना असतं, एक ओळ या बाजूची, पुढची त्या बाजूची. ओळीच्या मध्यावर सगळी मुलं एकदम थांबतात, एकदम श्वास घेतात. माझी मुलगी गायची तेव्हा त्या क्षणी तिची नजर वहीवरून उठून संचालकांच्या बोटांवर जायची. घरी दहा हाका मारल्या तरी न ऐकणारी पोर ती! माझे डोळे भरून यायचे.

आणि हे सुख मुलींच्या वाट्याला फार उशिरा आलं. सॉल्सबरी कथीड्रलने 1991 मध्ये मुलींचं कॉयर सुरू केलं, तोवर शतकानुशतकं तिथे मुलगेच गात होते.

टाळ्या वाजवत नाहीत, मोबाईलही बंद ठेवा. लवकर पोचलात तर कॉयरच्या अगदी मागच्या बाकांवर जागा मिळू शकते, विचारून बघा.