मदत हवी आहे: समघटक दरवेळी २ जास्त येतात

प्रश्नचिन्ह: रचनासूत्रं काढून काढून वही भरली. माझे समघटक (सूत्र एकच, पण रचना वेगळी असलेली संयुगं) ७ येतात, उत्तरात ५ दिलेत. छापताना चुकलं असेल का? उद्या सकाळी चाचणी आहे, लवकर सांगा प्लीज.

सायंतारा: कोणत्या संयुगाचे?

प्रश्नचिन्ह: हेक्झेनचे, C₆H₁₄. प्रत्येक कार्बनची संयुजा ४ भरतेय, म्हणजे चारही बंध पूर्ण, तीनदा तपासलं.

केवडा: वलय काढलंस का? सायक्लोहेक्झेन धरायचं नाही, त्यात हायड्रोजन १२च असतात, १४ नाही.

प्रश्नचिन्ह: वलय काढलंच नाहीये!

जुनी_वही: आधी मुळाशी जा. कार्बनी संयुगं फक्त सजीवांतच तयार होतात असं मानत. १८२८ मध्ये व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. ही दोन्ही एकमेकांची समघटकच आहेत, सूत्र एक, रचना वेगळी. हे समजलं की समघटकता आपोआप समजते.

सायंतारा: काका, चाचणी उद्या आहे. प्रश्नचिन्ह, सातही नावं लिही.

प्रश्नचिन्ह: हेक्झेन, २-मिथाइल पेंटेन, ३-मिथाइल पेंटेन, ४-मिथाइल पेंटेन, २,२-डायमिथाइल ब्युटेन, २,३-डायमिथाइल ब्युटेन, २-इथाइल ब्युटेन.

सायंतारा: सापडलं. मिथाइल म्हणजे १ कार्बनची शाखा, इथाइल म्हणजे २ कार्बनची, आणि आकडा म्हणजे ती कितव्या कार्बनवर आहे. ४-मिथाइल दुसऱ्या टोकाकडून मोज, ते २-मिथाइलच निघतं. आणि २-इथाइल ब्युटेनमध्ये तू आडव्या ओळीलाच मुख्य, म्हणजे सर्वांत लांब, शृंखला धरलंस. इथाइलच्या टोकापासून सुरुवात कर, खाली ये आणि लांब बाजूला वळ. सलग ५ कार्बन मिळाले ना? म्हणजे ते ३-मिथाइल पेंटेन. दोन्ही गळाले, उरले ५.

केवडा: नावांत अडकू नकोस. मातीचे गोळे आणि काड्या घेऊन रेणू बनव. एकेरी बंधाभोवती अणू फिरतात, कागदावर वळण दिसलं म्हणून रचना बदलत नाही.

सायंतारा: चाचणीला गोळे नेता येत नाहीत. प्रत्येक आकृतीखाली नाव लिहायचं, नाव जुळलं की खोडायचं.

केवडा: नाव चुकीचं दिल्यामुळेच तर ७ आले! एकदा हातात फिरवलेला रेणू परीक्षेतही डोळ्यासमोर येतो. मी नियम पाठ करूनही चुकायचे, गोळ्यांनी सुटलं.

जुनी_वही: हे ५ खरोखर वेगळे पदार्थ आहेत बरं का. सरळ शृंखलेचं हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसला उकळतं, २,२-डायमिथाइल ब्युटेन ५० च्या आसपास. शाखा वाढल्या की रेणू गोलसर होतो, शेजारच्या रेणूला कमी चिकटतो.

निळाई: मग हिरा आणि ग्राफाइट पण समघटकच ना?

सायंतारा: नाही, ती एकाच मूलद्रव्याची अपरूपं. त्यासाठी वेगळा धागा काढ.

प्रश्नचिन्ह: समजलं, ५ आले! म्हणजे इथाइलची शाखा कधीच धरायची नाही?

सायंतारा: धरायची, पण हेप्टेनपासून पुढे. त्याच्या ९ समघटकांत ३-इथाइल पेंटेन आहे. मधल्या कार्बनपासून तिन्ही बाजूंना दोन-दोन कार्बन, कुठूनही मोजलं तरी ५च. उरलेले ८ काढून नावांसकट इथे टाक, जागी आहे मी.