शालिझा धामी: चेतक ते क्षेपणास्त्र पथक

वैमानिकाला क्षेपणास्त्र पथकाचं प्रमुखपद कसं, असा प्रश्न पडू शकतो. ग्रुप कॅप्टन शालिझा धामींचं उदाहरण बघा. लुधियानाच्या धामी 2003 मध्ये हवाई दलात हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून आल्या. पुढे उड्डाण प्रशिक्षकही झाल्या. 2019 मध्ये हिंडन हवाई तळावरच्या चेतक हेलिकॉप्टर तुकडीत फ्लाइट कमांडर, म्हणजे प्रमुखाच्या खालोखालचं पद. हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मार्च 2023 मध्ये पश्चिम क्षेत्रातल्या क्षेपणास्त्र पथकाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं, तेव्हा 2800 तासांहून जास्त उड्डाण गाठीशी होतं. मला तरी ही निवड अगदी योग्य वाटते. प्रमुखाचं काम माणसं घडवण्याचं आणि पथक सतत सज्ज ठेवण्याचं. ते त्या प्रशिक्षक असल्यापासून करतच होत्या.