लेकीसाठी पहिला कार्ड गेम कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी लेक नऊ वर्षांची आहे. बदाम सात, मेंढीकोट तिला छान येतात, आता पोकेमॉनच्या पत्त्यांचं वेड लागलंय. गेल्या महिन्यात जवळच्या दुकानातून एक पाकीट आणलं. पत्ते गुळगुळीत, पातळ, मागचा निळा रंग फिकट. नकली निघाले! तिचा पडलेला चेहरा बघवला नाही, म्हणून यावेळी आधी विचारतेय.

पोकेमॉनचे नियम मी वाचले. ६० पत्त्यांचा डेक, त्यातले ६ बक्षीस म्हणून पालथे बाजूला. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसातला एक उचलायचा. सगळे उचलले की जिंकलो. एका पाळीत हातातलं एकच एनर्जी कार्ड (पोकेमॉनला हल्ल्यासाठी ताकद देणारा पत्ता) आपल्या पोकेमॉनला जोडता येतं, त्यामुळे घाई न करता विचार करावा लागतो. मला हे फार आवडलं.

मॅजिक: द गॅदरिंग १९९३ पासूनचा, खोल खेळ. पण त्यात समोरच्याच्या पाळीतही काही पत्ते टाकता येतात, तिथे ती गोंधळेल. यु-गि-ओच्या पत्त्यांवरचा बारीक मजकूर तर मलाच दोनदा वाचावा लागला.

सुट्या पाकिटांऐवजी दोन तयार डेक घ्यावेत असं वाटतं. पाकिटात काय निघेल याचा नेम नसतो. बरोबर आहे का? ती मराठी माध्यमात शिकते, पत्ते इंग्रजीत. कुणाच्या मुलांना ही अडचण आली का? आणि पुण्यात अस्सल पत्ते खात्रीने कुठे मिळतील?