'सुपरफ्रीकॉनॉमिक्स'मधली गणितं कुठे घसरतात?

वाचनगट: अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि पत्रकार स्टीफन डबनर यांच्या 'फ्रीकॉनॉमिक्स'नंतर (२००५) आलेलं 'सुपरफ्रीकॉनॉमिक्स' (२००९) निराश करतं. निष्कर्ष धक्का देतात, पण आकडे पेलत नाहीत. बी.ए.च्या गटासाठी त्यातलं काय घ्यावं, काय गाळावं?

भाजक: दारू पिऊन गाडी चालवण्यापेक्षा दारू पिऊन पायी जाणं मैलामागे आठपट जीवघेणं, हा दावा जरूर घ्या, पण तपासायला. अमेरिकेत गाडीने कापलेल्या १४० मैलांपैकी एक नशेत कापला जातो, असा अंदाज होता. पायी चालण्याचा असा आकडाच नव्हता, म्हणून लेखकांनी तेच प्रमाण चिकटवलं: वर्षाला पायी चाललेल्या ४३ अब्ज मैलांपैकी सुमारे ३०.७ कोटी नशेत. सगळा निकाल याच भाजकावर उभा आहे. प्यायलेला माणूस मुद्दाम गाडी ठेवून चालत जातो, तेव्हा खरं प्रमाण बरंच जास्त असू शकतं. १७-१८ मैलांत एक धरा, आठपट फरक नाहीसा होतो. मुलांना भाजक बदलून गणित करू द्या.

ऊन-सावली: हवामानाचं प्रकरण सर्वांत कच्चं. सौर पॅनेल काळे, जेमतेम १२ टक्के ऊन वीज होतं, उरलेलं उष्णता, म्हणून तापमानवाढीला हातभार, असं मायक्रोसॉफ्टचे माजी तंत्रज्ञानप्रमुख नेथन मिरव्होल्ड यांचं म्हणणं पुस्तकात तसंच छापलंय. करून बघा. जगाची सगळी वीज, सरासरी सुमारे २ लाख कोटी वॉट, अशा पॅनेलांतून काढली तर उरणारी उष्णता पृथ्वीच्या ५१ कोटी चौ. किमी.वर पसरून चौरस मीटरला ०.०३ वॉट भरते. माणसाने हवेत वाढवलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पडणारा उष्णतेचा भार तेव्हाच चौरस मीटरला १.६६ वॉट होता! शिवाय त्या उन्हातलं बरंचसं जमिनीनेही शोषलंच असतं, आणि कोळशाचं केंद्रही वाया उष्णता सोडतं. हे गणित हवामानशास्त्रज्ञ रेमंड पियरहंबर्ट यांनी लेव्हिटना जाहीर पत्रातून दाखवलं होतं.

पृथ्वी थंड करायला नळीने गंधकाचा वायू उंच वातावरणात सोडायचा, म्हणजे त्याचे कण ऊन परतवतील, हा पुस्तकातला उपायही अर्धवट. १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या (फिलिपिन्स) उद्रेकाने जग अर्धा अंश थंड झालं हे खरं, पण ते कण एक-दोन वर्षांत खाली येतात. फवारणी थांबली की तापमान झपाट्याने चढतं, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे होणारं समुद्राचं आम्लीकरण थांबत नाहीच.

वाचनगट: मग ठेवण्यासारखं काही?

भाजक: भारतातल्या गावांत केबल टीव्ही आल्यावर बायकांच्या आयुष्यात काय बदललं, तो भाग. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ मध्ये गोव्यासह पाच राज्यांत पाहणी केली. केबल आलेल्या गावांची आधीची-नंतरची उत्तरं ताडली, केबल न आलेल्या गावांशी तुलना केली. केबल आलेल्या गावांत नवऱ्याची मारहाण खपवून घेण्याचं प्रमाण घटलं, बाळंतपणांतलं अंतर वाढलं. मूळ निबंधच वाचायला द्या, पुस्तकातला सारांश नको.