‘शोषणामुळे शोषण कमी आले’: फिल्टरच्या बाबतीत नेमका शब्द कोणता?

प्रश्न : गोळ्यांच्या डिझोल्यूशन चाचणीच्या (गोळीतलं औषध द्रवात किती विरघळतं ते बघणाऱ्या) मराठी टिपणात असं वाक्य आलंय: ‘नायलॉन फिल्टरमध्ये शोषण झाल्याने यूव्हीवर शोषण कमी आले.’ दोन शोषणं, दोन अर्थ: एक फिल्टरमधलं, दुसरं यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचं. पहिल्याच्या जागी काय लिहावं?

उत्तर : अधिशोषण. ‘अधि’ म्हणजे वर, जसं अधिष्ठान. स्पंज पाणी आत घेतो ते शोषण. इथे औषधाचे रेणू फिल्टरच्या पडद्याच्या पृष्ठभागावर धरले जातात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख कायझर यांनी 1881मध्ये हा भेद दाखवायलाच ‘अॅडसॉर्प्शन’ शब्द वापरात आणला. यूव्हीच्या आकड्याला मात्र ‘शोषकता’ म्हणा, म्हणजे गोंधळ मिटला.

दुसरं उत्तर : टिपण प्रयोगशाळेतल्या माणसांसाठी असेल तर सरळ ‘औषध फिल्टरला चिकटलं’ लिहा. क्रियापद म्हणून ‘अधिशोषित झालं’ जिभेवर बसत नाही. नायलॉनमधल्या अमाइड गटांशी फिनॉलिक संयुगं हायड्रोजन बंधाने चिकटतात, प्रथिनंही. पीव्हीडीएफ किंवा पीईएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या पडद्यांवर हा त्रास सहसा कमी.

शंका : पण मूल्य कमी आलं म्हणजे चिकटलंच, असं कसं ठरवणार?

उत्तर : इथेच शब्द जपून वापरायचा. न विरघळलेले कण फिल्टरने अडवले तरी आकडा उतरतो, पण ते गाळणं झालं; फिल्टर त्याचं कामच करतोय. म्हणून पूर्ण विरघळलेलं प्रमाण द्रावण (औषध किती आहे ते ठाऊक असलेलं) घ्या. एक भाग न गाळता तपासा. दुसरा 0.45 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून सोडा आणि पहिले 1, 2, 5 मिली टाकून दिल्यावर येणारा द्रव वेगवेगळा गोळा करा. आकडा चढत जाऊन न गाळलेल्याच्या 98 ते 102 टक्क्यांत स्थिरावला, तर ते अधिशोषण होतं आणि पडद्यावरच्या चिकटायच्या जागा भरल्या. किती मिली टाकायचे तेही तिथेच कळतं. 5 मिलीनंतरही चढतच असेल तर पडदा बदला.

तुलनेचं, म्हणजे न गाळता ठेवायचं द्रावणही त्याच फिल्टरमधून गाळलं, तर दोन्हीकडे सारखीच घट येते आणि सगळं छान दिसतं. ही चूक फार होते.

पुरवणी : सौम्य द्रावणात जास्त सांभाळा. समजा फिल्टरने 20 मायक्रोग्रॅम धरले. 10 मिलीत 1000 मायक्रोग्रॅम असतील तर घट 2 टक्के. 100च असतील तर 20 टक्के. (प्रत्यक्षात सौम्य द्रावणातून थोडं कमी चिकटतं, पण टक्केवारीतली घट साधारणपणे मोठीच राहते.)

आणि आकडा 102च्या वर गेला तर? फिल्टरमधूनच काही सुटून द्रावणात येत असेल. कोरा द्रावक गाळून त्याची शोषकता बघा. त्याला अधिशोषण म्हणू नका, तो ‘झिरपा’.