उपनगरी हायस्कूलचे गुण नेमके कोणाचे असतात?

नदीकाठ (धागाकर्ती)

अमेरिकेत घर घ्यायला निघालेली आपली बहुतेक कुटुंबे आधी हायस्कूल (नववी ते बारावी) ठरवतात आणि मग त्या शाळेच्या हद्दीत घर शोधतात. शाळा ठरवताना हाताशी असतात ते संकेतस्थळांनी शाळेला दहापैकी दिलेले गुण, एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेची सरासरी, एपी (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या) अभ्यासक्रमांची संख्या आणि चार वर्षांच्या महाविद्यालयात गेलेल्या मुलांची टक्केवारी. माझे म्हणणे असे की, हे आकडे शाळेने मुलांना काय दिले याबद्दल फार थोडे सांगतात. मुले शाळेत शिरतानाच घरून काय घेऊन आली होती, हेच त्यांतून मुख्यत्वे कळते.

जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक हायस्कूल विद्यापीठांना गुणपत्रिकेसोबत एक माहितीपत्रक पाठवते, ज्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. विद्यार्थीसंख्या, गुणदानाची पद्धत, एपी विषयांची यादी, परीक्षांची सरासरी आणि मुले पुढे कुठे गेली, एवढे त्यात सहसा असते. चार वर्षांत एकही एपी विषय न घेता बाहेर पडलेली मुले किती, नववीत गणितात मागे असलेल्या मुलांचे अकरावीपर्यंत काय झाले, एका समुपदेशकाकडे किती मुले आहेत, हे त्यात क्वचितच सापडते. समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस अडीचशे मुलांमागे एक अशी आहे. ही एकच गोष्ट विचारली तरी शाळेबद्दल सरासरीपेक्षा अधिक कळेल असे मला वाटते.

हे असे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी पैशाच्या व्यवस्थेत आहे. सार्वजनिक शाळांच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला भार राज्य आणि स्थानिक पातळीवर पडतो आणि स्थानिक पैसा प्रामुख्याने घरांवरील मालमत्ता करातून येतो. सॅन अँटोनियोच्या एजवुड या गरीब शाळा-जिल्ह्यातील (म्हणजे स्वतःच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागातील) पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी, डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, शहरातील शाळांचे वंशविभाजन मोडण्यासाठी आजूबाजूच्या उपनगरी जिल्ह्यांना त्या योजनेत ओढता येणार नाही असा निकाल लागला. अपवाद, त्या जिल्ह्यांनी किंवा राज्याने विभाजनाला हातभार लावल्याचे सिद्ध झाल्यास. उपनगराच्या सीमेला त्या निकालाने जे बळ दिले, ते आजही घराच्या किमतीत दिसते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातील जिल्ह्यांचे गुण एकत्र करून पाहिले. सरासरी गुण आणि पालकांची आर्थिक-शैक्षणिक स्थिती यांचे नाते अतिशय घट्ट निघाले, पण मुलांनी वर्षागणिक किती प्रगती केली याचा त्या स्थितीशी संबंध फारच कमी निघाला. शिकागोसारख्या, सरासरीने मागे असलेल्या जिल्ह्यातील मुले पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांची प्रगती करत होती. मग आपण इतके पैसे मोजून नेमके काय विकत घेतो?

त्रिज्या

आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, तरी निष्कर्ष मला मान्य नाही. रिअर्डन यांची आकडेवारी तिसरी ते आठवीच्या परीक्षांवर आधारलेली आहे. हायस्कूलच्या चार वर्षांबद्दल तिच्यातून थेट काही सिद्ध होत नाही. आठवीपर्यंत चांगला शिक्षक मुलाला खूप पुढे नेऊ शकतो हे खरे, पण त्यानंतर कोणते वर्ग भरतात हे त्या शाळेत तयारीची किती मुले आहेत यावर ठरते. एपी कॅल्क्युलस बीसी (एपीतील कलनगणिताचा वरचा अभ्यासक्रम) अकरावीतच संपवणारी पंचवीस मुले शाळेत असतील तरच बारावीत त्यापुढच्या गणिताचा वर्ग सुरू होतो. तीनच असतील, तर त्या तिघांना संगणकासमोर बसवले जाते किंवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयाचा) रस्ता दाखवला जातो. म्हणजे सरासरीत पालकांची स्थिती दिसते हे मान्य केले तरी, त्या सरासरीवरच मुलाला काय शिकायला मिळेल हे अवलंबून राहते.

सोबत्यांचा प्रभावही दुर्लक्षिण्यासारखा नाही. वॉशिंग्टनलगतच्या माँटगोमेरी काउंटीत गरीब कुटुंबांना सोडतीने सरकारी घरे मिळत आणि त्यामुळे त्यांची मुले वेगवेगळ्या शाळांत विखुरली जात. हेदर श्वार्ट्झ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, गरिबी कमी असलेल्या शाळांत पडलेली मुले कालांतराने इतरांच्या पुढे गेली. ज्या शाळांवर काउंटीने मुद्दाम जादा पैसा खर्च केला होता, तेथील तशाच घरांतील मुलांपेक्षाही. शाळेत कोण बसते याने फरक पडतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे अवघड आहे. जो पालक आपल्या एकुलत्या एका मुलासाठी याचा विचार करतो, त्याला आकड्यांच्या आहारी गेलेला म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सावली

दोघांच्याही बोलण्यात मुले गुण मिळवणारी म्हणूनच आली आहेत, म्हणून लिहिते. न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा आपल्या लोकांचा आवडता शाळा-जिल्हा. तेथील अधीक्षकांनी २०१५ साली पालकांना सविस्तर पत्र लिहून मुलांवरील ताणाची जाणीव करून दिली. हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठरवल्या गेल्या आणि लहान वयातील प्रवेगी गणिताचा वर्ग पुढे ढकलला गेला. त्यावरून पालकांत सरळ दोन तट पडले आणि आशियाई पालकांपैकी अनेकांनी याला दर्जा खाली आणणे म्हटले.

मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांचे संशोधन नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हेच सांगत आले की, सुखवस्तू उपनगरांतील उच्च यश मिळवणाऱ्या शाळांत चिंता, नैराश्य आणि व्यसनांचे प्रमाण सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त आढळते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी ऐंशीच्या दशकात दाखवले की, समान कुवतीची दोन मुले घेतली, तर अधिक हुशार मुलांच्या शाळेतील मूल स्वतःला कमी लेखते. ज्या शाळेत ४.० च्या वर भारित जीपीए (अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेली श्रेणींची सरासरी) असणारा मुलगा स्वतःला ‘मधला’ समजतो, त्या शाळेचे माहितीपत्रक कितीही देखणे असले तरी त्या मुलाचा दिवस कसा जातो हे त्यातून कळत नाही. पहाटे सहाला उठणारी, रात्री एकला झोपणारी मुले मी रोज पाहते. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच शाळा साडेआठच्या आधी भरवू नये असे सांगितले, कॅलिफोर्नियाने हायस्कुलांसाठी तसा कायदाही केला, आणि आपले पालक मात्र शाळेआधीच्या ‘झिरो पिरियड’ला जागा मिळते का, याची चौकशी करतात. याचे मला मनापासून दुःख होते.

त्रिज्या

सावली, ताण खरा आहे आणि त्यावर उपाय व्हायलाच हवेत. पण त्या वादात विरोध करणाऱ्या पालकांना केवळ महत्त्वाकांक्षी ठरवू नये. या देशात ज्यांचे आजोबा नामांकित विद्यापीठात शिकलेले नाहीत, ज्यांच्या ओळखीने उन्हाळ्यात कुठे इंटर्नशिप मिळत नाही, त्यांच्यासाठी परीक्षा हा त्यातल्या त्यात उघड आणि पडताळता येण्याजोगा मार्ग असतो. तोच अरुंद झाला की त्यांना भीती वाटणे स्वाभाविक आहे.

दक्षिणवारा

टेक्ससमध्ये हे गणित उलटे होते, हे कोणी मांडले नाही. १९९७ च्या कायद्यानुसार राज्यातील कोणत्याही हायस्कूलच्या पहिल्या दहा टक्क्यांतील मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाला ही मर्यादा पुढे आणखी खाली नेण्याची मुभा मिळाली. त्यामुळे प्लेनो किंवा शुगर लँड या उपनगरांतील चुरशीच्या शाळेत पंधराव्या टक्क्यावर असलेल्या मुलाला जे मिळत नाही, ते कमी सरासरीच्या शाळेतील पहिल्या पाच टक्क्यांतील मुलाला सहज मिळते. इतर राज्यांतील अनेक उपनगरी शाळांनी विद्यापीठांना मुलांचा क्रमांक कळवणेच थांबवले आहे. येथे मात्र क्रमांकच सर्वस्व आहे. गुणवान शाळेत घर घेण्याचा सल्ला देताना राज्य कोणते, हे आधी विचारावे.

कातळ

मी एका उपनगरी सार्वजनिक हायस्कूलमध्ये शिकवतो, म्हणून वर्गातून दिसते ते सांगतो. ‘उपनगरी शाळा’ म्हटले की डोळ्यांसमोर जे एकसारखे चित्र येते, तशी शाळा आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. गेल्या काही दशकांत गरीब लोकसंख्या शहरांतून उपनगरांत पसरली आहे. सार्वजनिक शाळा हद्दीत राहणाऱ्या कोणालाही नाकारू शकत नाही: १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना, १९८२ च्या टेक्ससविषयीच्या निकालाने कागदपत्रे नसलेल्या मुलांना आणि १९८७ च्या कायद्याने बेघर कुटुंबांतील मुलांना हा हक्क दिला. माझ्या पहिल्या तासाला स्वतःच्या गाडीने येणारी मुलगी आहे आणि तिच्या शेजारी सवलतीच्या जेवणावर असलेला, संध्याकाळी काम करणारा मुलगा आहे. पण दुसऱ्या तासापासून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात: ती ऑनर्समध्ये (अधिक अवघड वर्गांत), तो रेग्युलरमध्ये (साध्या वर्गांत). चार वर्षे ते एकाच इमारतीत असतात आणि अशा एखाद्या तासाखेरीज त्यांचा एकही विषय एकत्र नसतो.

शिकागोलगतच्या इव्हॅन्स्टन हायस्कूलने २०११ पासून नववीच्या मानव्यविद्येच्या वर्गांतील ही विभागणी काढून टाकली आणि सर्वांना एका वर्गात बसवून ऑनर्सचे श्रेय कामगिरीवर द्यायला सुरुवात केली. ते शिक्षकांसाठी फार कष्टाचे काम आहे. एकाच वर्गात इतकी वेगवेगळी तयारी असलेली मुले शिकवायची, तर वर्ग लहान हवेत आणि तयारीला वेळ हवा. तरीही या धाग्यावर शाळा कोणती यावर जितके लिहिले गेले, तितकेच त्या शाळेत मूल कोणत्या वर्गात बसते यावरही लिहायला हवे होते.

नदीकाठ

त्रिज्या, माँटगोमेरीचा अभ्यास मी वेगळ्या अर्थाने वाचते. तिथे प्राथमिक वर्गांतील गरीब मुले सुस्थित मुलांसोबत बसली आणि त्यांना लाभ झाला, हे मिसळण्याच्या बाजूचे प्रमाण आहे. ती घरे तिथे उभी राहिली, कारण काउंटीने सत्तरच्या दशकातच नव्या वसाहतींत परवडणाऱ्या घरांचा ठरावीक हिस्सा सक्तीचा केला होता. आपण ज्या हद्दीत घर घेतो, तिथे अशा घरांचा प्रस्ताव आला की विरोध करायला सभागृह भरते. ‘शाळेचा दर्जा घसरेल’ हे कारण मी माझ्याच शेजाऱ्यांकडून ऐकले आहे. सोबत्यांचा लाभ हवा आणि तो दुसऱ्याच्या मुलाला मिळू नये, या दोन्ही गोष्टी एका श्वासात मागता येणार नाहीत.

कातळ यांनी सांगितलेली आतली विभागणी पाहण्याचा एक मार्ग आहे. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक राज्याला शाळानिहाय अहवाल प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यात उत्पन्न, वंश, अपंगत्व, इंग्रजी शिकणारी मुले अशा गटांचे निकाल स्वतंत्र असतात. शाळा पाहायला गेलात, तर कमी उत्पन्नाच्या मुलांचा निकाल शेजारच्या जिल्ह्यातील तशाच मुलांशी ताडून बघा आणि रेग्युलरमधून ऑनर्समध्ये दरवर्षी किती मुले जातात, हे मुख्याध्यापकांना विचारा.

त्रिज्या

अहवाल मी पाहीन आणि परवडणाऱ्या घरांच्या प्रस्तावाला माझा विरोध नाही. सुनावणीत तसे बोलेनही. पण माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये नववीत जाते. तिला आवडते ते गणित बारावीपर्यंत शिकवणारी शाळा या परिसरात एकच आहे, तेव्हा घर मी त्याच हद्दीत घेणार आहे.